शाहीनचं निळं पुस्तक मी बाद केलं

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली म्हणून सांगितलं, की समोरचा माणूस लगेच पँट गुडघ्यापर्यंत वर घेतो. "बाई, हे सुजतंय बघा. काय घ्यावं?" मी सांगते, बाबा, काय घ्यावं ते मला कळत नाही. काय घ्यायचं आता बंद झालंय, तेवढं थोडंफार कळतं. माणूस हिरमुसतो आणि पँट खाली सोडतो.

पण माझं कामच ते होतं. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं जपणारी बाई, असा सगळ्यांचा समज. आमच्या वडलांचाही तोच होता. ते आष्टीच्या आडत बाजारात हमाल. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण पोरगी नोकरीला लागली तेव्हा पोत्याखालून मान वर काढून सांगायचे, "आमची शोभा पुस्तकं राखती." त्यांना मी कधी सांगितलं नाही की तुमची शोभा पुस्तकं फेकती पण. सरकारी भाषेत त्याला निर्लेखन म्हणतात. आम्ही साधं 'बाद करणं' म्हणायचो.

कथा-कादंबरी लोणच्यासारखी असते, मुरते. औषधाचं पुस्तक दुधासारखं असतं. ज्या पुस्तकानं एका पिढीतले डॉक्टर घडवले, तेच पुढच्या पिढीच्या हातात राहिलं तर रोग्याच्या जिवावर उठतं. हाडांची नावं काही बदलत नाहीत, म्हणून शरीररचनेची पुस्तकं बरीच वर्षं टिकतात. पण कोणतं औषध, किती, केव्हा, हे सांगणारं पुस्तक म्हातारं व्हायला वेळ लागत नाही. वर्षातून एकदा मी कपाटं तपासायची, नवीन आवृत्ती आलेली, विभागानं 'कालबाह्य' म्हणून कळवलेली, कुणी हात न लावलेली पुस्तकं बाजूला काढायची, आणि ग्रंथालय समितीच्या अध्यक्षांची सही घेऊन बाद करायची. इतकं साधं.

साधं असतं तर लिहायला बसले नसते.

पहिली अडचण डीनसाहेबांची. मेडिकल कौन्सिलची तपासणी आली की पुस्तकं मोजतात. कमी भरली की शेरा. त्यामुळं कोणताही डीन सुखासुखी पुस्तक काढू देत नाही. आमचे एक डीन तर हात जोडून म्हणाले होते, "बाई, मेलेलं असलं तरी मोजणीपुरतं उभं राहू द्या." दुसरी अडचण लिंबाजीमामांची. मामा आमचे शिपाई. पुस्तकाला चुकून पाय लागला तर कपाळाला हात लावणारा माणूस. बाद पुस्तकांचा गठ्ठा उचलताना त्यांचा चेहरा खांदा देताना असतो तसा व्हायचा.

पहिली काही वर्षं आम्ही बाद पुस्तकं अख्खीच्या अख्खी रद्दीवाल्याला द्यायचो. एकदा परळीकडच्या एका गावातला विद्यार्थी मला म्हणाला, "बाई, आमच्या गावच्या डॉक्टरकडं आपल्या लायब्ररीचा शिक्का असलेली लई पुस्तकं हायेत." मला वाटलं आमचाच कुणी माजी विद्यार्थी असेल, पुस्तकं परत न करता गेलेला. वसूल करावीत म्हणून मामांना घेऊन गेले. बघते तर काय, तो डॉक्टर म्हणजे कुठल्याशा दवाखान्यातला जुना कंपाउंडर. खुर्चीच्या मागं काचेचं कपाट, कपाटात आमची बाद केलेली पुस्तकं रांगेत उभी. परळीच्या वीजकेंद्राची राख खिडकीतून येऊन त्यांच्यावर बसलेली. त्यानं मला ओळखलं नाही, पण शिक्क्यावरचं कॉलेजचं नाव ऐकून खुर्ची पुसून दिली. "बसा बाई. तुमच्याच कृपेनं चाललंय."

त्या दिवसापासून मी नियम केला. बाद पुस्तक कापल्याशिवाय बाहेर जाणार नाही. बाइंडिंगच्या खोलीत कागद कापायचं मोठं मशीन होतं, लांब हँडलचं. त्याच्याखाली पुस्तक धरायचं आणि मधोमध दोन तुकडे करायचे. मामांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. "बाई, माझ्या हातानं हे व्हायचं न्हाई. नोकरी गेली तरी चालंल." मग मीच कापायची. विद्यार्थी खिडकीतून बघायचे आणि मला मागून 'कसाईणबाई' म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या गावच्या खुर्चीत कोण बसलंय ते मी बघितलं होतं, त्यांनी नाही.

आता शाहीनचं सांगते. तिच्याशिवाय हे सगळं अर्धं आहे.

डॉ. शाहीन आमच्या कॉलेजात मेडिसिन विभागाची प्रमुख आणि ग्रंथालय समितीची अध्यक्ष. ही झाली पाटीवरची ओळख. त्याआधी ती आष्टीच्या शाळेत माझ्या शेजारी एकाच बाकावर बसायची. तिचे अब्बा मोटार मेकॅनिक. त्यांच्याही घरात तिच्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आमच्याही नाही. बारावीला दोघींना मिळून पुस्तकांचा एकच संच घेणं परवडलं. एक पुस्तक तिच्याकडं, एक माझ्याकडं, मग अदलाबदल. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जीवशास्त्र तिच्याकडं होतं. ती डॉक्टर झाली. माझं नाव प्रतीक्षा यादीत राहिलं आणि तिथंच राहिलं.

लोक म्हणतील, एका आठवड्यानं काय होतं? मीही स्वतःला तेच सांगत आले. पण मला अजून तो आठवडा आठवतो.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर म्हणून विहारात सत्कार ठेवला होता. पाहुणे खूप उशिरा आले. कारण शाहीनला त्याच आठवड्यात कॉलेजात कसलंसं पदक मिळालं होतं आणि पाहुणे आधी तिच्या अब्बांच्या गॅरेजात हार घालायला गेले होते. आमच्या वाट्याला आलेला हार कोमेजलेला होता. पुढं मी ग्रंथालयशास्त्र केलं, या कॉलेजात लागले, आणि काही वर्षांनी तीही इथंच लेक्चरर म्हणून आली. मला वाटलं होतं, आपल्या घरात आपण राणी. तर राणीच्या घरी बादशहा राहायला आला.

गरीब-श्रीमंताचा मत्सर मी समजू शकते. त्याला तरी काही कारण असतं. पण दोघी एकाच बाकावरच्या, एकाच पुस्तकावरच्या. मग ती तिथं आणि मी इथं का, याचं उत्तर दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. म्हणून हा मत्सर जास्त जाळतो.

वर ती स्वभावानं चांगली. वाईट असती तर सोपं गेलं असतं. सगळ्यांसमोर ती मला "शोभा" म्हणायची, गळ्यात हात टाकायची. मी तिला सगळ्यांसमोर "मॅडम" म्हणायची. तिला माझं नाव घेता येत होतं, मला तिचं घेता येत नव्हतं. ती लायब्ररीत आली की पोरं उठून उभी राहायची. लिंबाजीमामासुद्धा स्टूल सोडायचे. मी दिवसभर तिथंच असायची. माझ्यासाठी कोण उठणार?

ती लेक्चरर असताना तिनं एक पुस्तक लिहिलं. पातळ, निळ्या कव्हरचं. साप आणि विंचू चावलेल्या माणसाला खेड्यातल्या दवाखान्यात काय करायचं, ते सोप्या मराठीत. आमच्या भागात उसाच्या फडात, जनावरांच्या गोठ्यात हे रोजचं. इंटर्न डॉक्टर नवीन असतो, बाहेरच्या जिल्ह्यातला असतो, रोगी काय बोलतो ते त्याला कळत नाही. शाहीननं रोगी काय म्हणतो, नातेवाईक काय लपवतात, आधी काय विचारायचं, सगळं जसंच्या तसं लिहिलं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं निळं पुस्तक. जाडजूड इंग्रजी ग्रंथ बाजूला ठेवून पोरं निळं पुस्तक मागायची. मोबाइल आले तरी मागायची, कारण आरोग्य केंद्रात नेटवर्क नसायचं आणि नेटवर अशी मराठी कुठं नव्हती.

त्या पुस्तकासाठी लागणारा एकेक लेख मी मागवून दिला होता. पुण्याला पत्रं लिहिली, हैदराबादला लिहिली, झेरॉक्सची पाकिटं सांभाळली, खुणा करून तिच्या टेबलावर ठेवली. पुस्तक छापून आलं. मी आधी आभाराचं पान उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.'

कर्मचारी!

मी तिला कधी विचारलं नाही. ती विसरली असेल. पण मी प्रत्येक प्रतीवर शिक्का मारताना ते पान उघडून बघितलं.

आमच्या धंद्यातली एक चूक असते, ती आम्हीच करू शकतो. आम्ही धूळ बघतो. ज्याच्यावर धूळ, ते पुस्तक संशयित. जे सतत हातात फिरतं, ते निर्दोष. निळं पुस्तक कधी कपाटात टेकलंच नाही. एकजण परत करायचा, दुसरा काउंटरवरूनच घेऊन जायचा. वर्षानुवर्षं मी सगळी कपाटं तपासली आणि ते पुस्तक माझ्या हातून तपासायचं राहिलं, कारण ते तपासायच्या वेळी जागेवर नसायचंच.

मग एके दिवशी केंद्रे नावाचे तरुण डॉक्टर लायब्ररीत आले. कॅज्युअल्टीत काम करायचे. शाहीनच्याच हाताखाली शिकलेले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, ते निळं पुस्तक काढून टाका."

"कावून? काय झालं?"

"काल ऊसतोड टोळीतली एक बाई आणली होती. नाग चावलेली. ड्यूटीवरच्या इंटर्नच्या खिशात निळं पुस्तक. त्यानं त्यात बघितलं. त्यात लिहिलंय, औषध द्यायच्या आधी थोडंसं कातडीखाली टोचून रिअॅक्शन येते का त्याची वाट बघायची. हा वाट बघत बसला. पाय वर दोरीनं आवळलेला, तो पण तसाच ठेवला. मी पोचलो तेव्हा बाईचा श्वास अडकायला लागला होता."

"मग?"

"वाचली. व्हेंटिलेटरवर हाय, पण वाचली." त्यांनी रुमालानं मान पुसली. "बाई, आता तसं करत न्हाईत. ती टोचून बघायची पद्धत गेली. घट्ट आवळायचं पण गेलं, त्यानं पायच जातो. आता हात-पाय हलू न देता लवकर आणायचं आणि औषध लगेच सुरू करायचं. जगभर बदललं."

"मग शाहीन मॅडमना सांगा ना."

"मी? त्या माझ्या गाईड हायेत. मी कसं सांगू? तुमचं कामच हाय ते."

एवढं बोलून ते निघून गेले. म्हणजे बॉम्ब माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मी त्या बाईचा विचार आधी केला असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी खोटं लिहिणार नाही. माझ्या मनात आधी जे आलं ते हे, की शाहीनचं पुस्तक बाद! लिंबाजीमामा चहा घेऊन आले आणि माझ्याकडं बघतच राहिले. "बाई, आज लई खूष दिसायलाव. पगारवाढ झाली काय?"

मी चटकन चेहरा सरळ केला. आणि मग मला धसका बसला. मी हे पुस्तक काढलं तर कॉलेजात काय बोलतील? शोभाबाई शाहीन मॅडमवर जळतात हे शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक. म्हणतील, शेवटी उट्टं काढलंच. आणि मला स्वतःलाच कळेना की मी पुस्तक काढतेय ते कशासाठी. केंद्रेंनी सांगितलं म्हणून, की आभाराच्या पानासाठी? नियम सांगत होता काढ. जळकं मनही सांगत होतं काढ. दोघं एकच सांगायला लागले की माणसाला दोघांचाही भरवसा वाटत नाही.

दिवसभर मी परत आलेली एक प्रत टेबलावर ठेवून बसले. संध्याकाळी एक इंटर्न आला आणि सहज म्हणाला, "बाई, निळं पुस्तक हाय का? उद्यापासून धारूरकडं पोस्टिंग हाय." तेव्हा ठरलं. मी पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "न्हाई."

दुसऱ्या दिवशी प्रस्ताव लिहून शाहीनच्या खोलीत गेले. समितीची अध्यक्ष तीच. तिची सही झाल्याशिवाय तिचं पुस्तक बाद होणार नव्हतं. ओपीडी संपत आली होती. मी दार लावून घेतलं.

"ये गं, बस. चहा सांगू?"

"नको." मी निळं पुस्तक टेबलावर ठेवलं.

ती हसली आणि पेन उघडलं. "कोणाला पाहिजे सही? नाव सांग त्याचं."

पोरं तिच्याकडून पुस्तकावर सही घेऊन जायची. मला आणखी एक काटा टोचला.

"सही पाहिजे, पण पुस्तकावर न्हाई. ह्याच्यावर." मी प्रस्ताव पुढं सरकवला.

तिनं वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "कोण म्हणलं हे?"

"लायब्ररी म्हणली."

"लायब्ररी म्हणजे तू."

"हो, मी."

"अगं, वॉर्डात मी पोरांना नवीनच शिकविते. कधीपासून शिकविते. सगळ्यांना माहीत हाय."

"परवा कॅज्युअल्टीत एकाला माहीत न्हवतं." मी तिला त्या टोळीतल्या बाईचं सांगितलं. केंद्रेंचं नाव घेतलं नाही. तिला यातलं काही कळलेलं नव्हतं. ती उठूनच उभी राहिली.

"बाई कशी हाय आता?"

"वाचली."

"कुठल्या वॉर्डात? पाय कसा हाय?"

बघा. स्वतःचं पुस्तक टेबलावर मरून पडलंय आणि ही बाईचा पाय विचारतेय. आधी हेच विचारायचं असतं, आणि मी आदल्या दिवशी ते केंद्रेंना विचारलं नव्हतं. तेही मला खुपलं.

मग ती बसली. पुस्तकाच्या पानांवर अंगठा फिरवत म्हणाली, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करणारच होते मी."

"केव्हा?"

"वेळ कुठं मिळतो? शोभे, ऐक माझं. दिवाळीनंतर मी मुदतीआधीच रिटायर होते. तेवढं थांब. त्या पानांवर चिठ्ठ्या चिकटव पाहिजे तर."

"चिठ्ठी पडून जाते. पान राहतं."

"अब्बा गेले तोवर हे पुस्तक गॅरेजात काचेखाली होतं. गिऱ्हाइकाला गाडीआधी हे दाखवायचे. माझ्या नावावर एवढंच एक हाय गं. बाकी नोकरी तर सगळेच करतात." तिनं माझा हात धरला. "इत्ता भी नहीं करती तू मेरे वास्ते?"

खरं सांगते, मी थांबणार होते. दिवाळीला फार दिवस नव्हते. पोरांना तोंडी सांगता आलं असतं. पण 'एवढंच एक' हे ऐकलं आणि माझ्या अंगाचा जाळ झाला. पदक हिला, प्रोफेसरकी हिला, पोरं हिच्यासाठी उभी राहतात, आणि म्हणते एवढंच एक!

"न्हाई," मी म्हणाले.

"कावून न्हाई?"

"बाद झालंय म्हणून."

"खरं सांग. जळतीस तू माझ्यावर. शाळेपासनं जळतीस. त्या जीवशास्त्राच्या पुस्तकापासनं."

म्हणजे तो आठवडा तिलाही आठवत होता! इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलली नव्हती.

"जळते," मी म्हणाले. "रोज जळते. तुझ्या नावाची पाटी बघून जळते. आणि पुस्तक पण बाद झालंय. मी जळायचं थांबवलं तरी ते बादच राहतं. कर सही."

"बाहेर जा आधी."

मी बाहेर जाऊन रोग्यांच्या बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "डाक्टरीन रागावली व्हय?" मी मान हलवली. "रागावती ती, पण गुण लई येतो," म्हातारी म्हणाली. तिथंही तिचंच कौतुक.

थोड्या वेळानं शाहीन स्वतः दार उघडून बाहेर आली. डोळे लाल. सही केलेला कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कापायच्या वेळी मला बोलव."

कापायचं पुढं, आधी प्रती परत यायला हव्यात. मी सूचना लावली, 'निळे पुस्तक त्वरित परत करावे.' एकही आलं नाही. पोरं हुशार. काहीतरी काढून घेतायत म्हटल्यावर त्यांनी लपवून ठेवली. मी फोन केले, वसतिगृहात मामांना पाठवलं. "बाई, समदे म्हणत्यात हरवलं," मामा परत येऊन म्हणाले. हे शाहीनला कळलं. तिनं वर्गात उभं राहून एवढंच सांगितलं, "माझ्या पुस्तकात चूक आहे. उद्या आणून द्या." दुसऱ्या दिवशी काउंटरवर निळा ढीग. झेरॉक्स काढलेल्या होत्या त्यासुद्धा आल्या. माझ्या सूचनेनं जे झालं नाही ते तिच्या एका वाक्यानं झालं.

कापायच्या दिवशी ती पांढरा कोट घालूनच बाइंडिंगच्या खोलीत आली. सोबत घरच्या प्रती, अब्बांच्या काचेखालची पण. ती प्रत मी बाजूला ठेवायला गेले तर तिनं माझ्या हातातून काढून घेतली. "नियम सगळ्यांना सारखा ठेव." मी मशीन कसं चालवायचं ते दाखवलं. पुस्तक कुठं धरायचं, बोटं कशी लांब ठेवायची. पहिल्यांदा तिला हँडल दाबता येईना. मी म्हणाले, "सरक, मी करते." सरकली नाही. दोन्ही हातांनी ओठ आवळून दाबलं. निळ्या पुस्तकाचे दोन तुकडे झाले. दारात उभे असलेले मामा वळून निघून गेले.

खिडकीत पोरं होती. आज पहिल्यांदा कुणी हसलं नाही. एकानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ कॉलेजभर फिरला, जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत फिरला, आमच्या नातलगांच्या ग्रुपवरसुद्धा येऊन पडला. 'स्वतःचं पुस्तक स्वतः कापणाऱ्या डॉक्टर.' त्यात माझं कोपर दिसतं. अर्धा सेकंद. आमच्या ह्यांनी ते तीनदा थांबवून बघितलं आणि म्हणाले, "हे तूच ना गं?" मी म्हणाले, "कोपर माझं, बाकी सगळं तिचं."

हे सगळं जिच्यामुळं सुरू झालं ती टोळीतली बाई पायावर चालत घरी गेली. तिला सोडायला शाहीन गेली होती.

शाहीनच्या निरोपसमारंभात डीनसाहेबांनी भाषणात तीच गोष्ट सांगितली. म्हणाले, ज्ञानापुढं स्वतःचं नाव मोडून टाकणारी अशी शिक्षिका पुन्हा होणे नाही. टाळ्या थांबेनात. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि हात पोळल्यासारखे लागत होते. मग शाहीन बोलायला उठली. सगळ्या सभागृहासमोर म्हणाली, "शोभा, उभी राहा गं." मी उभी राहिले. ती म्हणाली, "हे धाडस मला माझ्या मैत्रिणीनं दिलं." लोक वळून माझ्याकडं बघून टाळ्या वाजवायला लागले.

धाडस दिलं! मी धाडस वगैरे काही दिलं नव्हतं. मी 'न्हाई' म्हटलं होतं. भांडण केलं होतं. बाकावर जाऊन बसले होते. आयुष्यात एकदाच तिच्यापुढं ताठ उभी राहिले, तर त्याचंही तिनं धाडस करून स्वतःच्या झोळीत टाकलं, आणि तेही माझं कौतुक करत. मला हसून मान लववावी लागली.

एक हळहळ मात्र आहे, ती सांगून टाकते. निळ्या पुस्तकाची जागा रिकामीच आहे. मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नवीन इंटर्न यायचे आणि विचारायचे, "बाई, मराठीत काही सोपं हाय का?" मी इंग्रजी मार्गदर्शिका काढून द्यायची. ते चाळायचे आणि ठेवून द्यायचे. त्यात नवीन सगळं आहे, पण 'माय, कुठं चावलं, कवा चावलं, काय बांधलंव' हे कुणी लिहिलेलं नाही. बाद कसं करायचं ते मला येतं. त्या जागी दुसरं लिहायला शाहीनच पाहिजे. मला जे येत नाही ते नेमकं तिला येतं, हे कबूल करताना अजून जीभ जड होते. तिला फोन करून मी विचारते, कधी लिहितेस? ती म्हणते, "लेख कोण मागवून देणार?" मी म्हणते, मीच देणार, दुसरं कोण देणार. अजून सुरुवात नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतली एखादी आठवण लिहा' म्हटलं तेव्हा पुष्कळ आठवणी होत्या. पण मला हीच छापून हवी होती. व्हिडिओ फिरला, भाषण झालं, पण कुठंही शाईत आलेलं नाही की ते पुस्तक शाहीननं बाद केलं नाही. मी केलं. तिनं कापलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल.

आता पुढं काय होणार तेही मला माहीत आहे. ती हा अंक विकत घेईल. एक नाही, दहा घेईल. सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटेल आणि सांगत सुटेल, "बघा, आमच्या शोभानं किती खरं लिहिलंय, माझ्यावर जळते असं लिहिलंय तरी वाचा." आणि वाचून लोक म्हणतील, शाहीन मॅडमचं मन किती मोठं!